नातेसंबंध-प्रमुख

जर्मनीत आल्यापासून श्रीनाथ पारसनीसने एक विद्या कष्टाने कमावली होती: कुणाच्या अध्यातमध्यात न पडण्याची. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्टचं कुत्रं कोणत्या जातीचं आहे हे त्याला ठाऊक होतं, पण हेर फोग्टला बायको आहे की नाही हे त्याने कधी विचारलं नव्हतं. इमारतीतल्या लोकांशी त्याचं बोलणं कचऱ्याच्या डब्यांपुरतं आणि हवामानापुरतं. घरी कुणाला जेवायला बोलवायचं तर तीन आठवडे आधी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, ठरवून, तेही ठरलेल्या चार-पाच मराठी कुटुंबांनाच, आळीपाळीने. चिंचवडच्या चाळीत तो वाढला, तिथे कोण कुणाकडे जेवून गेलं ह्याचा हिशोब कुणी ठेवत नसे. ते आठवलं की आता त्याला थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं.

अशा माणसाला आर्नशाइड कंपनीने एके दिवशी नातेसंबंध-प्रमुख केलं.

बाड हॉम्बुर्गच्या कडेला ही कंपनी जखमेवर बांधायच्या पट्ट्या बनवत असे. मालक डॉक्टर आर्नशाइड तिसऱ्या पिढीतले. आजोबांनी कापसाच्या गुंडाळ्यांपासून सुरुवात केली होती, नातू आता मध लावलेल्या पट्ट्या विकत होता. न्यूझीलंडमध्ये मानुका नावाचं एक झुडूप असतं, त्याच्या फुलांवरचा मध जखमेवर गुणकारी म्हणून महाग जातो. आर्नशाइड तो आजवर हॅम्बुर्गच्या एका दलालाकडून घ्यायचे. डॉक्टरांच्या मनात आलं, की मधला माणूस काढून टाकावा आणि थेट मूळ ठिकाणाशी लांब मुदतीचा करार करावा.

मूळ ठिकाण म्हणजे न्यूझीलंडच्या उत्तर किनाऱ्यावरची एका माओरी कुळाची कंपनी. जमीन सगळ्या कुळाची, मधमाश्यांची पोळी सगळ्या कुळाची, आणि मालक हजारो, सगळे एकमेकांचे चुलत नाहीतर मावस. अध्यक्षपदी मेरेआना नावाच्या साठीच्या बाई होत्या. आर्नशाइडने त्यांना दर कळवला. त्यांनी उत्तर दिलं, दराचं नंतर पाहू, आधी तुम्ही कोण आहात ते सांगा. आर्नशाइडने कंपनीचं गुळगुळीत माहितीपुस्तक पाठवलं. त्यावर बाईंचं उत्तर आलं, हे तुम्ही काय बनवता ते झालं, आम्ही विचारलं होतं तुम्ही कोण.

वरच्या मजल्यावर खळबळ उडाली. कंपनीकडे सगळ्या प्रमाणपत्रांच्या प्रती होत्या. ह्या प्रश्नाचं उत्तर तेवढं कुठल्याच फाइलीत नव्हतं. मग फ्रँकफर्टहून फ्राऊ क्रोन नावाच्या सल्लागार बाईंना बोलावलं गेलं. त्या न्यूझीलंडमध्ये तीन आठवडे राहून आल्या होत्या आणि तेव्हापासून माओरी मूल्यांवर कार्यशाळा घेत होत्या. त्यांच्या सांगण्यावरून कँटीनकडे जाणाऱ्या बोळात मोठमोठी पोस्टरं लागली. फानाउंगातंगा, म्हणजे नाती जोडणं. काइत्याकीतंगा, म्हणजे जमीन-पाण्याची राखण. मनाकीतंगा, म्हणजे पाहुण्याचा मान ठेवणं. हे शेवटचं पोस्टर कॉफीच्या यंत्राच्या वर लागलं. त्या यंत्रातून कर्मचाऱ्याच्या कार्डाशिवाय कुणालाही कॉफी मिळत नसे.

कार्यशाळेत प्रत्येकाने आपला डोंगर आणि आपली नदी सांगायची होती, कारण माओरी माणूस नावाच्या आधी ते सांगतो. बहुतेकांनी फेल्डबर्गचा डोंगर आणि माइन नदी सांगून वेळ मारून नेली. खर्चावर देखरेख करणारा कंट्रोलर मूळचा हॅम्बुर्गचा, त्याने आपल्याकडे डोंगरच नाही अशी अडचण काढली. फ्राऊ क्रोननी थोडा विचार करून त्याला समुद्राचा बांध चालेल असं सांगितलं, आणि त्याने ते लिहून घेतलं. श्रीनाथची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, माझी नदी पवना, तिच्या काठावर एका संताची समाधी आहे. खोलीत कौतुकाचा एक हलका सुस्कारा ऐकू आला. त्या नदीवर पांढरा फेस तरंगतो आणि लहानपणी तिच्यात पाय बुडवला तर आई घरी आल्यावर डेटॉल लावायची, हे त्याने सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

डॉक्टर आर्नशाइडनी दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. म्हणाले, हेर पारसनीस, तुम्हा लोकांच्या रक्तातच असतं हे, आम्हाला शिकावं लागतं. खरेदी विभागाचं काम सांभाळून त्याने ह्या पाहुण्यांचं सगळं पाहायचं. पगार तोच, पण दारावरच्या पाटीत एक ओळ वाढली.

श्रीनाथला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती कंपनीत पाच-सहा जणांनाच ठाऊक होती. पट्ट्या डब्यांत भरायचा हॉल, म्हणजे हॉल दोन, पुढल्या वर्षी बंद होणार होता आणि ते काम स्लोव्हाकियात जाणार होतं. खोके कुठून घ्यायचे, तिकडे कसे पोचवायचे ह्याचे भाव त्यानेच मागवले होते. हॉलमधल्या बायकांना आणि कामगार प्रतिनिधींना, म्हणजे बेट्रीब्सराटला, हे करार झाल्यावर सांगायचं ठरलं होतं, उगाच वातावरण बिघडायला नको म्हणून.

मे महिन्यात पाहुणे आले. मेरेआनाबाई आणि त्यांचा भाचा राविरी. तो हिशोबतपासनीस होता आणि मोजकं बोलायचा. प्रवेशद्वाराशी सगळे अधिकारी रांगेत उभे होते. फ्राऊ क्रोननी श्रीनाथची ओळख पवना नदीकाठचा, संताच्या समाधीजवळचा म्हणून करून दिली. डॉक्टर आर्नशाइडनी भाषण केलं, त्यात आम्ही कंपनी नाही, एक कुटुंब आहोत, हे वाक्य दोनदा आलं. मेरेआनाबाई उत्तरादाखल आपल्या भाषेत बोलल्या आणि बोलणं संपल्यावर मावशी-भाचे दोघं मिळून एक संथ गाणं गायले. गाऊन झाल्यावर ते यजमानांकडे बघत उभे राहिले.

तेव्हा फ्राऊ क्रोनना आठवलं की यजमानांनीही गाऊन उत्तर द्यायचं असतं. ते त्यांच्या स्लाइडमध्ये राहून गेलं होतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी सगळ्यांना पाठ असलेलं एकच गाणं निघालं, ते वाढदिवसाचं. कंट्रोलरचा वाढदिवस नुकताच होऊन गेला होता म्हणून त्याचं नाव घालून ते म्हटलं गेलं. मेरेआनाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कंट्रोलरशी हात मिळवून त्याला शुभेच्छा दिल्या.

दुपारी कारखाना दाखवला. प्रयोगशाळा झाली, मध तापवायची टाकी झाली. मेरेआनाबाईंनी विचारलं, आमचा मध डब्यात कोण भरतं? हॉलमध्ये रंगकाम चाललंय, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या बरं म्हणाल्या.

संध्याकाळसाठी किल्ल्याजवळच्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं. मेरेआनाबाई म्हणाल्या की हॉटेलात जेवून त्यांना कंटाळा आलाय, कुणाच्या घरी काहीही चालेल. पुन्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. डॉक्टरांच्या स्वयंपाकघराचं काम निघालं होतं. विक्रीप्रमुखाच्या मुलाची हॉकीची मॅच होती. कंट्रोलरच्या घरी मांजर होतं, आणि पाहुण्यांना मांजराची अॅलर्जी नाही ना ह्याची खात्री नव्हती. सगळ्यांच्या नजरा हळूहळू नातेसंबंध-प्रमुखावर येऊन थांबल्या.

ह्याला नियमांची आडकाठी होती. व्यापारी पाहुण्याला काय द्यावं, किती किमतीचं द्यावं ह्यासाठी कंपनीत वेगळा विभाग होता, आणि घरी जेवू घालणं म्हणजे लाच होऊ शकते. श्रीनाथने घाईघाईने परवानगीचा अर्ज भरला. 'वस्तूचा अंदाजे बाजारभाव' ह्या रकान्यात वरण-भातासाठी काय लिहायचं हे त्याला सुचेना, तेव्हा त्याने फ्रँकफर्टमधल्या एका भारतीय हॉटेलचा दर टाकला.

मग त्याने बायकोला, कौमुदीला, फोन केला. ती फ्रँकफर्टमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि त्या दिवशी घरून काम करत होती.

"तू आपल्या वर राहणाऱ्या शेजारीणबाईंना दोन वर्षं चहाला बोलावू दिलं नाहीस," ती म्हणाली. "त्यांना सवय लागेल म्हणालास. आणि आज तीन तासांत न्यूझीलंड?"

"ऑफिसचं काम आहे गं."

"तेच म्हणतेय मी. ऑफिसचं आहे म्हणून जमतंय."

पण तिने क्वार्क, म्हणजे इथला चक्का, फेटून श्रीखंड केलं, भरली वांगी केली, मसालेभात टाकला. तिचे वडील शरदचंद्र तेव्हा तीन महिन्यांसाठी आले होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. सांगलीकडच्या एका सहकारी दूध संघाचे ते निवृत्त सचिव. इथे आल्यापासून ते बाल्कनीत बसून खालच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला 'गुटन टाग' म्हणत होते, आणि तसं फार म्हणायचं नसतं असं जावयाने त्यांना दोनदा सुचवलं होतं. पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी जॅकेट चढवलं आणि भांग पाडला.

मेरेआनाबाईंनी दाराशी चपला काढल्या. कुणी सांगायच्या आत काढल्या, त्यामुळे कौमुदी तिथेच निम्मी जिंकली गेली. बाई सरळ आबांसमोर जाऊन बसल्या आणि त्यांना विचारलं, तुम्ही कोण? हा प्रश्न आबांना जर्मनीत कुणी विचारला नव्हता. त्यांनी आपल्या ठणठणीत सहकारी इंग्रजीत गावापासून सुरुवात केली. नदी झाली, कुलदैवत झालं, भाऊबंद झाले, वाटणीचे खटले झाले, मग दूध संघ आला. श्रीनाथ दोनदा विषय बदलायला गेला. बाईंनी दोन्ही वेळा हातानेच त्याला थांबवलं.

संघात सभासद किती, मतभेद झाले की काय करता, नफा वाटता की ठेवता, असं त्या विचारत होत्या, आणि राविरीही प्रथमच खुर्चीत पुढे सरकला होता. आबा म्हणाले, आमच्याकडे प्रत्येक जण मालक, त्यामुळे सभेच्या दिवशी प्रत्येक जण चेअरमन. आणि खरा चेअरमन एकच, तो आणि त्याचे मेहुणे. मेरेआनाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांच्याकडेही अगदी हेच होतं म्हणाल्या. बाहेरच्यांना वाटतं सामाईक मालकी म्हणजे सगळे हातात हात घालून गातात. गातात खरे, पण आधी दोन दिवस भांडतात.

मग आबांनी मंत्र्यांच्या भेटीची गोष्ट काढली. कुणी बडा पाहुणा आला की चेअरमन त्याला नव्या शीतगृहातून फिरवायचा आणि तुपाच्या विभागाला वळसा घालून मागच्या दाराने बाहेर काढायचा. तुपाच्या विभागातली माणसं रोजंदारीवरची, त्यांना चार-चार महिने पैसे नसायचे. कुणी विचारलंच तर चेअरमन सांगायचा, आत रंगकाम चाललंय.

श्रीनाथचा हात ताटातच थांबला. आबांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, ते आपले रंगून सांगत होते. मेरेआनाबाईंनी मात्र मान वळवून श्रीनाथकडे पाहिलं, आणि त्यांनी हॉलचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "तुझी नदी आता कशी आहे?"

इतकी साधी गोष्ट कुणी विचारेल अशी श्रीनाथची तयारी नव्हती. तो म्हणाला, वाईट आहे. फेस येतो, मासे मरतात. तो तिकडे जातो तेव्हा पुलावरून जाताना गाडीच्या काचा बंद करून घेतो. अन्वी, त्याची तेरा वर्षांची मुलगी, हे ऐकून बापाकडे बघत राहिली. तिला आजवर फक्त संताची समाधी ठाऊक होती.

बाई म्हणाल्या की त्यांचीही नदी वाईटच आहे. वरच्या अंगाला गायींचे गोठे आहेत, सगळं शेणमूत पाण्यात उतरतं. "गोठे आमचेच आहेत," त्या म्हणाल्या. "मधाच्या आधी आम्ही दुधात होतो, अजून आहोत. पाण्याची राखण करणारे म्हणून आमच्याही ऑफिसात भिंतीवर लिहिलंय. छान रंगवलंय."

कौमुदीने श्रीखंड वाढलं. मग मेरेआनाबाईंनी चमचा खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता त्या हॉलचं सांग."

श्रीनाथच्या डोक्यात घराचं कर्ज आलं, अन्वीची शाळा आली, करारपत्रातलं गोपनीयतेचं कलम आलं. खोटं बोलणं त्याला सहज जमलं असतं. रंगकाम हा शब्द तयार होता, आणि तो बोलणारा तो पहिला नसता. पण बाई त्याच्याच घरात, त्याच्याच पंगतीला जेवल्या होत्या. त्याने घसा खाकरला आणि सगळ्यात सुरक्षित वाक्य शोधून काढलं.

"तो हॉल पुढच्या वर्षी तिथे असेल," तो म्हणाला, "असं म्हणायचा मला अधिकार नाही."

बाईंनी मान हलवली आणि पुन्हा श्रीखंड घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चेला बसायच्या आधी त्यांनी हॉल बघायचा हट्ट धरला. रंगाचा वास चालतो म्हणाल्या. आत रंगाचा वास नव्हता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि कुणी त्याबद्दल बोललं नाही. टेबलांच्या रांगा होत्या, आणि पट्ट्या डब्यांत बसवणाऱ्या बायका. मेरेआनाबाई एकेकीपाशी गेल्या, नाव विचारलं, आणि आपल्या पद्धतीने कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावून नमस्कार केला. शेवटी शिफ्टची मुकादम, ड्रागित्सा कोवाच. क्रोएशियातून तरुणपणी आलेली, उंच, दणकट हाडाची बाई. बाईंचा नमस्कार झाल्यावर तिला वाटलं सगळ्यांशीच असं करायचं असतं, म्हणून तिने शेजारी उभ्या श्रीनाथचा खांदा धरला आणि त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. गेली कित्येक वर्षं ही दोघं एकाच इमारतीत काम करत होती, खोक्यांच्या मापावरून मेलवर भांडत होती, आणि तिचा आवाज त्याने आज प्रथम ऐकला.

"तर खोके छोटे पाठवणारे तुम्हीच," ती म्हणाली.

चर्चेत मेरेआनाबाईंनी श्रीनाथचं नाव घेतलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की काल ज्या कुटुंबाबद्दल ऐकलं त्याला आज भेटून आनंद झाला. तेव्हा आमचा मध ह्याच हातांनी भरला जावा, करार असेल तोवर. डॉक्टर आर्नशाइड फ्राऊ क्रोनकडे बघू लागले. फ्राऊ क्रोननी समजावलं, हे मूल्याधारित कलम आहे, आपण ह्यासाठीच तर तयारी केली. डॉक्टर अडकले ते स्वतःच्याच भाषणात. दोनदा कुटुंब म्हणून बसल्यावर आता ते कुटुंब स्लोव्हाकियात हलवतोय असं पाहुण्यांसमोर सांगायची सोय उरली नव्हती. शिवाय डब्यांवर माओरी वडिलधाऱ्यांची चित्रं आणि दंतकथा छापायचा त्यांचा बेत होता, त्याच्या जाहिराती तयार होत्या. त्यालाही बाईंनी नाही म्हटलं. मध विकायला आहे, पूर्वज नाहीत. आणि पूर्वज नसलेल्या मधाचा दर राविरीने काढून ठेवला होता, तो हॅम्बुर्गच्या दलालापेक्षा वर होता. ज्यांना मूल्यं असतात ती माणसं घासाघीस करत नाहीत अशी विक्रीप्रमुखाची समजूत होती. ती दुपारपर्यंत टिकली नाही.

सह्या झाल्या. फक्त वकिलांनी मसुदा करताना 'हे हात' ह्या शब्दांना कायद्यात अर्थ नाही म्हणून त्याजागी 'हे ठिकाण' असं घातलं. राविरीने ते वाचलं, त्याला ते ठीक वाटलं.

स्लोव्हाकियाचा बेत गुंडाळला गेला. हॉलमधल्या बायकांना तो कधी होता हे कळलंच नाही, त्यामुळे तो टळल्याचा आनंदही त्यांना झाला नाही. पुढे व्यापारी मंडळाने डॉक्टर आर्नशाइडना मूल्यनिष्ठ उद्योजक म्हणून गौरवलं. उत्पादन देशाबाहेर न नेण्याचं धैर्य आम्हाला पूर्वजांकडून मिळालं, असं ते तिथे म्हणाले. कुणाच्या पूर्वजांकडून ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. श्रीनाथला मनुष्यबळ विभागाने बोलावून घेतलं. त्याच्यावर आरोप कसलाच नव्हता. फक्त पाहुण्यांशी वागताना व्यावसायिक अंतर कमी पडलं असं निरीक्षण होतं, आणि श्रीखंडाचा उल्लेख अर्जात नव्हता. नातेसंबंधांचं काम फ्राऊ क्रोनच्या फर्मला दिलं गेलं. दारावरची ती ओळ एका शुक्रवारी कुणीतरी खरवडून काढली. श्रीनाथ पुन्हा कापूस, गोंद आणि खोके घेऊ लागला. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटलं.

मग पुढच्या वसंतात त्याच्या टेबलावर एक खरेदीची मागणी आली. भरणीचं यंत्र, स्वयंचलित. ठिकाण: बाड हॉम्बुर्ग, हॉल दोन.

त्याने ती दोनदा वाचली. कराराला कुठेही धक्का नव्हता. ठिकाण तेच होतं. त्याने तीन कंपन्यांचे भाव मागवले, कारण नियम तसा होता, आणि सगळ्यात चांगलं यंत्र निवडलं, कारण ते त्याला येत होतं. बेट्रीब्सराटशी बोलणी झाली, भरपाई ठरली, सगळं रीतसर झालं. उन्हाळ्याआधी हॉलमधल्या बहुतेक बायका गेल्या. ड्रागित्सा कोवाचला निवृत्ती फार लांब नव्हती, म्हणून तिचं नाव जाणाऱ्यांच्या यादीत वर होतं.

त्या आठवड्यात त्याने मेरेआनाबाईंना फोन लावला. तो अधिकारही आता त्याला नव्हता. बाईंनी आधी आबांची चौकशी केली, कौमुदीची केली, अन्वीची केली. मग त्याने यंत्राचं सांगितलं, आणि ते आपणच विकत घेतलं हेही सांगितलं. त्याला वाटलं त्या चिडतील. कदाचित करार मोडतील. मनातून त्याला तेच हवं होतं, म्हणजे निदान कुणीतरी काहीतरी केलं असं झालं असतं.

बाई म्हणाल्या की त्यांच्याकडेही गेल्या हिवाळ्यात बरण्या भरायचं यंत्र आलं. राविरीने आणलं. गणित त्याचंच बरोबर होतं. घरी बसलेल्यांत त्यांच्या दोन चुलत बहिणी होत्या.

"मग तुमच्या मूल्यांचं काय झालं?" श्रीनाथने विचारलं. आवाजात आलेला कडवटपणा त्याला नंतर जाणवला.

"दर रविवारी मला त्यांच्यातल्या थोरलीकडे जेवायला जावं लागतं," बाई म्हणाल्या. "तीच वाढते. मी तिच्यासमोर बसून खाते. ती काही बोलत नाही, आणि मला जे वाटायचं ते वाटतं. पुढच्या वेळी कागदावर सही करताना मला तिचा हात दिसतो. कधी मी तरीही सही करते. पण मला दिसतो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुमच्या डॉक्टरांना कुणाकडे जेवायला जावं लागत नाही. तुलाही नाही. आपल्यात फरक असेल तर एवढाच आहे, बाळ. आम्ही चांगले बिंगले नाही."

श्रीनाथने हे कौमुदीला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, मग जा की. तो म्हणाला, असं कसं जाणार, ओळख ना पाळख, आणि तिने तरी का बोलवावं? कौमुदीने फडकं बाजूला ठेवलं आणि आबांकडे पाहिलं. आबा तिकडे सांगलीतून व्हिडिओ कॉलवर होते आणि अर्थातच सगळं ऐकत होते.

"श्रीनाथराव," आबा म्हणाले, "मी सचिव होतो तेव्हा तुपाच्या विभागातल्या माणसांच्या गल्लीतून जायचं टाळायचो. लांबून जायचो. वीस मिनिटं जास्त लागायची, पण जायचो. तुम्ही निदान फोन तरी करा."

त्याने ड्रागित्साचा नंबर मिळवायला हेर फोग्टला विचारलं. हेर फोग्टला तो ठाऊक होता, कारण त्याची बायको त्याच हॉलमध्ये होती. ती आता कशी आहे हे श्रीनाथने विचारलं, आणि हेर फोग्टने कुत्र्याशिवाय इतर गोष्टींबद्दल त्याच्याशी प्रथमच अर्धा तास बोलून घेतलं.

फोनवर ड्रागित्साला वाटलं एखाद्या कागदावर सही राहिलीय. तसं काही नाही, नुसतं भेटायचंय म्हटल्यावर तिला आणखीच संशय आला. शेवटी म्हणाली, रविवारी दुपारी या, आम्ही एक वाजता जेवतो.

ती स्टेशनच्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहत होती. नवरा पाठदुखीने सोफ्यावर आडवा होता, त्याने पडल्या पडल्या हात वर केला. श्रीनाथने फुलं आणली होती. तिने ती पाण्यात ठेवली आणि त्याला टेबलाशी बसवलं. श्रीनाथने येताना वाक्यं जुळवली होती. बसल्या बसल्या तो म्हणाला, की ते यंत्र त्याने विकत घेतलं, भाव त्यानेच मागवले.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "यंत्रावर चिठ्ठी होती. खाली तुमची सही."

तिने भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांचं भांडं आणलं. तो मांस खात नाही हे तिने बहुधा हेर फोग्टच्या बायकोला विचारून घेतलं असावं, कारण त्याच्या बाजूच्या गुंडाळ्यांत भात आणि मशरूम होते. ती त्याच्यासमोर बसली, हात टेबलावर ठेवून, आणि तो खायची वाट बघू लागली. बोटांची पेरं कागदी डब्यांच्या कडांनी कापून कापून पांढरी पडली होती. श्रीनाथने पहिला घास तोंडात घातला. तो चांगला होता, पण त्याची नजर त्या हातांवरच राहिली.

"खा," ड्रागित्सा म्हणाली, आणि त्याने नको म्हणायच्या आत आणखी दोन त्याच्या ताटात घातल्या.